सरूचा सांबार

सांबार म्हणजे कोथिंबीर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुण्याकडचं कोणी वाचत असेल तर त्याच्या डोळ्यांपुढे इडली येऊन बसेल, आणि त्यावरचे सगळे विनोद वऱ्हाडात बदली होऊन आलेल्या साहेबलोकांनी करून संपवले आहेत. माझ्यासाठी एकही शिल्लक ठेवलेला नाही. आमच्याकडे वरणावर भुरभुरायचा तो सांबार, वडीत भरायचा तो सांबार, आणि त्याच झाडाचं बी मात्र सगळ्या जगासारखं धने. माझी नात ईशा इथे अमरावतीतच सकाळपासून क्लासला जाते. तिनं परवा जेवताना एका हातानं फोन चाळत मला सांगितलं की कोथिंबीर हा शब्द संस्कृतातल्या कुस्तुंबरीवरून आला, आणि सांबार म्हणे संभारावरून, म्हणजे स्वयंपाकासाठी जमवलेलं सामान. मी म्हटलं, असेल बाई. एवढे विद्वान एवढ्याशा पाल्यामागे लागले म्हणजे काही कारण असेल. पण आमच्या घरच्या सांबाराचं नाव तुझ्या फोनमध्ये सापडायचं नाही. त्याला सरूचा सांबार म्हणत. सरू म्हणजे सरस्वती, माझी माय.

त्या वेळी तेल्हाऱ्याच्या बाजारात मालाला माणसाचं नाव असे. कंपनीचं नाव यायला अजून वेळ होता. अमक्याची वांगी, तमकीची मिरची, असं म्हणत लोक नाव घेऊन माल शोधत फिरायचे. माझ्या मायनं लग्न होऊन येताना पदराच्या गाठीत माहेरचं बी आणलं होतं. बारीक पानाचा, बुडाशी लालसर देठाचा सांबार. जुडी टोपल्यात असली तरी शेजारच्या लिंबवालीच्या लिंबांना त्याचा वास लागायचा. माहेरची शेती पुढे मामानं विकून टाकली, तेव्हा ते बी जगात फक्त आमच्या वावरात उरलं. आणि माय त्याच्या बाबतीत मुलखाची चिकट होती. पाल्याची जुडी मागाल तेव्हा, उधार, फुकट, कशीही देई. बी नाही. "पाला नेजा, बी नाई भेटत," असं तोंडावर सांगायची. मेलेल्या आईचे फक्त गुण लिहायचे असतात हे मला माहीत आहे, पण हा दोष नसता तर ही गोष्टच घडली नसती, म्हणून लिहिते.

आमचं घर गावात नव्हतं, वावरातच विहिरीला लागून होतं. पुढे एक खोली, मागे चूल, आणि चारी बाजूंनी वाफे. सकाळी भारद्वाजाचं घुमणं, दुपारी विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाचं टकटक, संध्याकाळी पोपटांची भांडणं, एवढेच आवाज. माणसांचे आवाज म्हणजे मायचा, कारण बाबा फार बोलतच नसत. माय एकटीच दोघांचं बोलायची. मी अकरा वर्षांची असताना तिला कावीळ झाली. पिवळी झाली आणि गेली. त्यानंतर घरात आवाज म्हणून भाकरीच्या थापट्यांचा उरला, तोही माझ्या हातचा, म्हणजे ऐकण्यालायकही नाही. माझी भाकर तव्यावर जाईपर्यंत तीनदा फाटायची. बाबा ते नकाशे मुकाट खायचे. कच्चं म्हणाले नाहीत, करपलं म्हणाले नाहीत. आज वाटतं, एकदा ताट भिरकावलं असतं तरी बरं वाटलं असतं.

नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही आणि बायकोनं नवऱ्याचं, ही तेव्हाची रीत. बाबा मायला "आयकलं का" म्हणत, फार झालं तर "वच्छीची माय". वच्छी म्हणजे मी, वत्सला. आता आयकायला कोणी नव्हतं, त्यामुळे "आयकलं का" हेही संपलं. मला उद्देशून ते नुसतं "हं" म्हणत. आणि मायचा विषय निघेल अशी प्रत्येक वाट त्यांनी हळूच बंद केली होती. तिची दोन लुगडी कुठल्या पेटीत गेली हे मला कळलं नाही. मी एकदा विचारलं, "बाबा, माय आंबाडीच्या भाजीत काय टाके?" तर ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. बैल नुकताच पाणी पिऊन बसला होता.

असे दिवस चालले असताना तेरवीनंतरचा पहिला बाजार आला. बाजारात नेहमी माय बसायची. बाबांना माल पिकवता येई, विकता येत नसे. त्या दिवशी ते गोणपाटावर मायच्या जागी बसले, पुढे जुड्या मांडल्या, आणि चोरासारखे मान खाली घालून बसून राहिले. मी शेजारी. पलीकडे मायची बाजारातली शेजारीण बायजाबुढी, लिंबं-मिरच्या घेऊन. लोक येत, पाहत, पुढे जात. शेवटी शाळेतल्या मास्तरांची बायको आली, तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिनं विचारलं, "हा सरूचाच ना हो?" बाबांनी मान हलवली. ती दोन जुड्या घेऊन गेली. आणि मग थोड्या वेळानं, घसा दोनदा खाकरून, बाबा अगदी हळू म्हणाले, "सरूचा सांबार." पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "घ्या, सरूचा सांबार." तिसऱ्यांदा तर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. बायजाबुढीनं तोंडाला पदर लावला. मी बाबांकडे पाहिलं तर ते समोर कुठेतरी बघत होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मायच्या हयातीत या माणसानं तिचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, आणि आता भर बाजारात ओरडत होता, कारण मालाचं नाव तेच होतं. मालाचं नाव घ्यायला कोणाची हरकत?

तेव्हापासून मी एकही बाजार चुकवला नाही. लोकांना वाटे, पोट्टी बापाला मदत करते. कसली मदत! मी सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकवायची आणि ऐकत बसायची. आठवडाभर जे नाव घरात नव्हतं ते त्या एका दिवशी पन्नासदा ऐकू यायचं. घरी परतताना बैलगाडीत पुन्हा दोघं गप्प. पण माझं पोट भरलेलं असायचं. मी मुद्दाम जुड्या छोट्या बांधायची, म्हणजे जास्त वेळा ओरडावं लागेल. गिऱ्हाईक कुरकुरे, "बाप्पा, जुडी हाय का काडी?" आणि बाबा माझ्याकडे बघत. मी आकाशाकडे.

अडीच-तीन वर्षं अशी गेली. मग एका चैत्रात अमरावतीची आत्या आली. आत्याचा नवरा अमरावतीला कचेरीत होता, त्यामुळे आत्या शहरातलं बोलायला शिकली होती. पण ते फक्त पहिल्या दोन वाक्यांत टिके, तिसऱ्या वाक्याला वऱ्हाड उघडं पडे. "वच्छे, जरा कोथिंबीर आण गं," असं म्हणाली. मला कळलं होतं, पण मी जाऊन मेथी उपटून आणली. "हे काय वं? मी सांबार म्हटलं ना!" "तुमी कोथिंबीर म्हटलं, आत्या. मले वाटलं, अमरावतीत मेथीले म्हनत असतीन." आत्यानं पाठीत धपाटा घातला. तो मायनंतरचा पहिला धपाटा, आणि खोटं कशाला बोलू, गोड लागला.

रात्री जेवताना आत्या बाबांना म्हणाली, "दादा, पोट्टीले माह्याकडं धाड. मोठी शाळा हाय तठी. अठी वावरात काय करून राहिली ते? ना शेजार, ना पाजार."

बाबा म्हणाले, "पाहू."

"पाहू-पाहू म्हनता म्हनता पोट्टी चुलीत जाईन. तुह्यानं काही होते का तिच्याशिवाय? भाकरी तं अशा करते का कुत्रं पन मुहूर्त पाहून खाईन."

"पाहू म्हटलं ना."

बाबांचं दोनदा "पाहू" म्हणजे "हो" असतं, हे मला ठाऊक होतं. मी पाट्यावर ठेचा वाटता वाटता थांबले. अमरावतीत शाळा असेल, नळ असेल, पण बाजारात बसून मायचं नाव ओरडणारं तिथे कोण होतं? आत्या गेल्यावर मी ठरवलं की आपण बाबांना इतकं कामाचं वाटायचं, इतकं की त्यांना आपल्याला धाडताच येऊ नये. हा माझ्या आयुष्यातला पहिला बेत. पुढचे बेतही याच दर्जाचे झाले, पण पहिल्याची सर कोणाला आली नाही.

चार दिवसांनी इंजिनाचा कुठलासा पार्ट तुटला आणि बाबा तो आणायला अकोल्याला गेले. दोन दिवस मुक्काम. मी एकटी. बायजाबुढी सोबतीला येऊन झोपायची आणि उजाडताच जायची. मी घर सारवलं, गोठा झाडला, कपडे धुतले, आणि तरीही दुपार उरली. अशा उरलेल्या दुपारीच माणूस मोठाले उद्योग करतो. माझी नजर कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेली. त्यात फाल्गुनात काढलेलं सांबाराचं बी होतं, राखेत घोळवून, कडुलिंबाचा पाला घालून, तोंड शेणानं लिंपून ठेवलेलं. वर्षभराचं.

ज्यांनी सांबार कधी पेरला नाही त्यांच्यासाठी सांगते. धन्याचा दाणा गोल दिसतो, पण असतात ते दोन दाणे, एकमेकांना चिकटून. पेरण्याआधी तो रगडून दुभंगावा लागतो, म्हणजे नीट उगवतो आणि एकाची दोन झाडं होतात. माय गोणपाटावर धने पसरून लाकडी फळीनं असे हलके फिरवायची की दाणा फुटे पण पीठ होत नसे. वरून सांबार एकदम पेरत नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा, म्हणजे प्रत्येक बाजाराला कोवळा माल निघतो. त्यामुळे दर वेळी मूठभर धने काढायचे, रगडायचे, भिजवायचे, पेरायचे. हे काम बाबांना नको वाटे. फळी हातात धरली की त्यांचा चेहरा पडायचा, मी पाहिलं होतं. म्हणून मी विचार केला, हे कष्ट आपण एकदाच, वर्षाचेच संपवून टाकू. बाबा येतील, मडकं उघडतील, सगळं तयार! मग कुठली अमरावती अन् कुठलं काय.

मी लिंपण फोडलं. गोणपाटावर सगळे धने ओतले. फळी जड वाटली म्हणून वरवंटा घेतला. दोन दुपारी मी वर्षाचं बी रगडत होते, घाम पुसत होते, आणि मायचं बाजारातलं बोलणं मोठ्यानं म्हणत होते. घरभर धन्याचा वास सुटला होता. आरशात पाहिलं असतं तर मला स्वतःच्या डोक्यामागे तेजाचं वलयसुद्धा दिसलं असतं. सगळे अर्धे दाणे पाखडून मी पुन्हा मडक्यात भरले आणि वर फडकं बांधलं.

बाबा आले ते तिन्हीसांजेला. हातपाय धुतले. मी चहा दिला आणि मडकं पुढे सरकवलं. "पाहा तं, बाबा." बाबांनी फडकं काढलं, मूठ भरून बाहेर आणली, दिव्याजवळ नेली. एक अर्धुक बोटांत धरलं, उलटं केलं, फुंकलं.

"सप्पे?" म्हणजे सगळेच का, असं त्यांनी विचारलं.

"सप्पे!" मी म्हटलं. अजून माझ्या तोंडावर हसू होतं. ते हसू आठवलं की मी आजही चादर तोंडावर ओढून घेते.

बाबांनी मूठ हळूच परत मडक्यात सोडली, एकही दाणा खाली सांडू दिला नाही, आणि विहिरीकडे निघून गेले. चहा तसाच राहिला. ते रागावले असते तर मला कळलं असतं. इथे काय झालं ते मला बायजाबुढीनं सांगितलं. ती झोपायला आली, मडक्यात डोकावली आणि मटकन खाली बसली.

"अवं माय! काय करून बसली वं पोट्टे? रगडलं बी राह्यते का? अख्खा दाना वर्ष-दोन वर्ष जगते. फोडला का पंधरा दिवस, मंग मेला समज. ह्या वैशाखात कुठी पेरशीन एवढं? विहिरीत गुडघाभर पानी नाई."

मी म्हटलं, "मंग दुसरीकडून आनू ना."

"कुठून? तुह्या मायनं कोनाले चिमूट देल्ली का? मी सोता मांगलं होतं, दोनदा. नाई म्हने. देल्ली असती तं आज तुह्या ओटीत वापस टाकली असती." बुढी पहिल्यांदा रागानं म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून तिनं पदर डोळ्यांना लावला. "सरूचा सांबार सरूच्याच पोट्टीनं मारला वं."

त्या रात्री मी बुढीच्या पाठीकडे तोंड करून पडले होते आणि एकच गोष्ट कळत होती. सांबार संपला तर बाबा बाजारात काय ओरडतील?

सकाळी बाबा नुसतं म्हणाले, "चाल." विहिरीच्या काठचा, सगळ्यात जवळचा एक वाफा त्यांनी खणला. शेणखत घातलं. वर तुरीच्या काड्यांचा मांडव केला, त्यावर पोती टाकली. पार्ट बसवून इंजिन सुरू केलं तर ते पाच मिनिटं पाणी ओढून हवा ओढायला लागलं. मग बादलीनं. बाबा विहिरीत उतरून भरायचे, मी वर ओढायची, आणि तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून पाणी द्यायची. सकाळी एकदा, उन्हं उतरल्यावर एकदा. पोती ओली ठेवायची. महिनाभर आम्ही बापलेक त्या एका वाफ्याभोवती फिरत होतो, आणि दोघांत मिळून दिवसाला दहा शब्द होत नव्हते. "ओढ." "थांब." "झालं." मला वाटायचं, आत्तातरी म्हणावं, वच्छे, तू गाढव आहेस. मी वाट पाहायची. ते बादली पाठवायचे.

एका वाफ्यात मावलं तेवढंच पेरता आलं. उरलेलं मडकं तसंच. टाकून देववेना. शेवटी बाबांनीच ते चुलीपाशी आणून ठेवलं. मग काय, आम्ही खाल्लं. धने भाजले, कुटले, वरणात, झुणक्यात, आंबाडीत, कढीतसुद्धा घातले. वर्षभर घरात मायचं बियाणं शिजत होतं. बाबा एक घास घेत, थांबत, आणि पुढचा घेत. माझा स्वयंपाक त्या वर्षी सुधारला असं बायजाबुढी म्हणे. सुधारेल नाही तर काय, मसाल्याचं मोल पाहा!

आणि बाजार. बाबा दुसऱ्या मळ्यातून सांबार घेऊन ठेवत, कारण गिऱ्हाईक तुटू नये. पण ते नुसतंच ओरडत, "सांबार घ्या, सांबार." मास्तरीणबाई विचारायच्या, "सरूचा नाही का हो?" "नाई बाई. हा गावातला हाय." त्यांनी हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? मी पलीकडून डोळ्यांनी विनवायची, म्हणा ना, एकदा खोटं म्हणा. पण ज्या सांबाराला तिचा हात नाही त्याला तिचं नाव लावायला तो माणूस तयार नव्हता. बाजार व्हायचा, गाडी घराकडे वळायची, आणि माझं पोट रिकामंच असायचं. मी तेव्हा चौदाची. त्या उन्हाळ्याइतकं एकटं मला पुढे विधवा झाल्यावरही वाटलं नाही. तेव्हा निदान नाव घ्यायला माणसं होती.

वाफा उगवला. विरळ, पण उगवला. उन्हानं त्याला पुरतं पानसुद्धा धरू दिलं नाही, महिन्यात तुरा आला, पांढरी फुलं आली. मिरग तोंडावर होता, पाऊस पडला असता तर दाणा काळा पडला असता, म्हणून आम्ही झाडं हिरवट असतानाच उपटली आणि घरात गोधडीवर वाळवली. चोळून, पाखडून धने निघाले ते एक वाटी. बाबांनी वाटी दोन्ही हातांत धरली होती. त्यांच्या तोंडावर मला काहीतरी दिसलं आणि मी मनाशी म्हटलं, वाचलो.

पोळ्यानंतर त्या वाटीतलं अर्धं पेरलं. या वेळी रगडलं बाबांनी, मला जवळ येऊ दिलं नाही. सांबार चांगला आला, दाट. पहिली जुडी काढायच्या सकाळी बाबांनी एक पान खुडलं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले. पुन्हा चोळलं.  बाबांनी तळहात माझ्यापुढे केला. वास होता, चांगला तिखट होता. देठ मात्र लाल नव्हता, आणि मायच्या पदराला यायचा तो गोडवा त्यात नव्हता.

"हा तिचा नाई," बाबा म्हणाले.

माझे जावई शेतीखात्यात होते. त्यांनी खूप वर्षांनी मला समजावलं की उन्हात जी झाडं तगली तेवढ्यांचंच बी मिळालं, शेजारच्या मळ्यातल्या फुलांवरून माश्या आल्या असतील, वगैरे. मला पटलं. पण पटून काय करू?

बाजाराच्या दिवशी मास्तरीणबाईंनी जुडी उचलली, हुंगली आणि चेहरा उजळला. "अरे, आला का सरूचा?" मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एका काडीचा देठ अंगठ्यानं पुसून पाहिला. मग म्हणाले, "तिच्यातलाच हाय, बाई. पन तिचा नाई."

"मग कोणाचा?"

बाबा पुढच्या जुड्या सारख्या करू लागले. बायजाबुढी लिंबं पुसत होती, ती तिथूनच ओरडली, "वच्छीचा म्हना! जिनं सत्यानाश केला तिचंच नाव लागू द्या. वच्छीचा सांबार!" सगळी रांग हसली. मास्तरीणबाईही हसल्या. आणि बाजाराचं असं असतं, एकदा तोंडात बसलं की बसलं. पुढच्या आठवड्यापासून लोक तेच मागू लागले, आणि मालाचं नाव म्हणून बाबाही ओरडू लागले, "वच्छीचा सांबार, घ्या वच्छीचा सांबार." माझं नाव शेवटच्या रांगेपर्यंत जायचं आणि मी पोत्यामागे लपायची. तेल्हाऱ्याकडच्या काही म्हाताऱ्या अजून त्या सांबाराला वच्छीचाच म्हणतात असं ऐकते. त्यातल्या एकीलाही ठाऊक नसेल की हे नाव नव्हे, पोरीला झालेली शिक्षा आहे. इथे अमरावतीत दाराशी गाडीवाला येतो त्याच्या जुडीला नाव नाही, वासही नाही. पानं मात्र तळहाताएवढी.

असाच एक बाजार करून आम्ही परतलो होतो. दिवेलागण झाली होती. मी झुणका केला होता, भाकर त्या दिवशी चुकून गोल झाली होती. बाबा जेवत होते. मध्येच थांबले, ताटाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "सरू म्हने..."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. घरात, चुलीपाशी, कोणी गिऱ्हाईक नसताना.

"सरू म्हने का वच्छीले लय शिकवू. आपल्यासारखं मातीत नाई ठेवू तिले. लय मनात होतं तिच्या."  घोटभर पाणी प्यायले. "मी म्हटलं, पाहू. पाहू-पाहू करता ते गेली. आता दिवाळीनंतर अमरावतीले जाशीन. मी आत्याले सांगतो."

ज्या एका गोष्टीतून सुटण्यासाठी मी दोन दुपारी वरवंटा फिरवला होता, तीच गोष्ट ते सांगत होते. रडायला पाहिजे होतं, पाय आपटायला पाहिजे होते. पण बाजारात ते नाव आता चालत नव्हतं, म्हणून बाबांना ते घरी आणावं लागलं होतं. मी एक शब्द उलट बोलले असते तर ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले असते, आणि ते नाव पुन्हा कुठे ऐकायला मिळालं असतं कोणास ठाऊक. मी मान खाली घातली आणि ताटातली भाकर उगाच कुस्करत राहिले, हळूहळू, आवाज न करता.

"जाईन मी," मी म्हटलं. "अजून काय म्हने सरू?"

मी मायचं नाव घेतलं म्हणून बाबा रागावले नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, भिंतीला टेकले, आणि उष्टा हात गुडघ्यावर तसाच वाळत ठेवून सांगायला लागले.